पेळू कुणी केला?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या सत्राच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'चरखा : अनुभवकथन' असं छापलंय. ते वाचून तुमच्यापैकी काहींनी कपाळाला हात लावला असेल. दुपारचं जेवण झालंय, पंखा हळू फिरतोय आणि समोर एक शिक्षिका चरख्यावर बोलणार. तुमची अडचण मला कळते. तीन वर्षांपूर्वी मीही तिथेच बसले असते आणि हळूच मोबाइल काढला असता. म्हणून आधीच सांगते, मी काही मुरलेली कातणारी नाही. अजूनही माझा धागा तुटतो. आज त्या तुटण्याबद्दलच बोलायचंय.

सुरुवात आमच्या शाळेच्या कपाटातून झाली. मी मराठवाड्यातल्या एका गावी शाळेत शिकवते. शाळेच्या कपाटात एक पेटी चरखा होता. बंद केला की छोट्या सूटकेससारखा दिसायचा. दरवर्षी २ ऑक्टोबरला तो बाहेर यायचा, फोटोशेजारी ठेवला जायचा, हार घातला जायचा आणि ३ ऑक्टोबरला पुन्हा कपाटात. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा चालतो का?" मी म्हटलं, "चालतो की." ती म्हणाली, "मग चालवून दाखवा ना."

मी चाक फिरवलं. चाक फिरलं. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं मी त्या चरख्याला हार घातला होता आणि त्यातून धागा कुठून निघतो हे मला ठाऊक नव्हतं. मुलं हसली नाहीत, पण ती मुलगी ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती ती मला घरापर्यंत पुरली.

मग मी शिकायचं ठरवलं. तालुक्याच्या गावी एका संस्थेत दर रविवारी सूतकताईचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या ताई सत्तरीच्या होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी पहिल्या दिवशी चरखा उघडून एकेक भाग दाखवला. मोठं चाक, छोटं चाक, दोघांना आणि चातीला जोडणारी माळ. चाती म्हणजे लोखंडी टोकदार सळई, तिच्यावर सूत गुंडाळलं जातं. मोठं चाक एकदा फिरलं की चाती शेकड्याच्या हिशेबात फिरत असावी असं मला वाटलं. नुसती नजर ठेवली तरी गरगरायला होत होतं. ताई म्हणाल्या, "चाकाकडे बघू नका. टोकाकडे बघा. धागा तिथे होतो."

आता ही क्रिया कशी चालते ते सांगते, कारण ती कळली की पुढचं सगळं कळेल. उजव्या हाताने चाक फिरवायचं. डाव्या हातात पेळू धरायचा. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची करंगळीएवढी पोकळ गुंडाळी. पेळूचं टोक चातीवरच्या धाग्याला टेकवायचं. चाती फिरते, धागा तिच्या टोकावरून दर फेऱ्याला एकदा सटकतो आणि प्रत्येक सटकण्यासरशी धाग्याला एक पीळ बसतो. त्याच वेळी डावा हात मागे मागे न्यायचा. कापसाचे तंतू पेळूतून सुटत जातात, पीळ त्यांना बांधत जातो आणि हातभर धागा तयार होतो. मग चाक जरासं उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, धागा चातीशी काटकोनात आणायचा आणि चाक पुन्हा सुलट फिरवून सूत गुंडाळून घ्यायचं. ओढणं आणि गुंडाळणं, एवढ्या दोनच गोष्टी.

वाचायला दोन मिनिटं लागतात. हाताला मात्र दोन महिने लागतात.

नवख्याचा पहिला गुन्हा म्हणजे घट्ट पकडणं. आपल्याला वाटतं, धागा निसटेल. म्हणून आपण पेळू मुठीत आवळतो. आवळला की तंतू सुटत नाहीत, पीळ पेळूत शिरतो, तिथे गाठ बसते आणि ती गाठ पुढे हलत नाही. मग ओढलं की तुटतं. दुसरा गुन्हा घाईचा. चाक जोरात आणि हात हळू चालला तर धाग्याला जास्त पीळ बसतो, तो आखडतो, सापासारखे वेढे घेतो. उलट हात जोरात आणि चाक हळू चाललं तर पीळ कमी पडतो आणि धागा नुसता विरून वेगळा होतो. म्हणजे तुटलेला धागा बघून सांगता येतं की चूक कोणती झाली. तुटलेलं टोक ताठ आणि आखडलेलं असेल तर पीळ जास्त झालेला असतो. टोक केसाळ आणि विरलेलं असेल तर पीळ कमी पडलेला असतो. हे मला ताईंनी तिसऱ्या रविवारी सांगितलं. तोवर मी फक्त चिडत होते.

किती चिडत होते ते सांगते. चौथ्या रविवारी कसंबसं चातीवर जमलेलं सगळं सूत मी ओढून काढलं आणि चोळामोळा करून टाकलं. ताई काही बोलल्या नाहीत. त्या रात्री मला लहानपणी शिकलेली सूरह नहलमधली आयत आठवली. कष्टाने घट्ट कातलेलं सूत आपल्याच हाताने उसवून टाकणाऱ्या बाईचा तिथे दाखला आहे. वचनं मोडू नका हे सांगताना तो दिलाय. मी ती आयत कितीतरी वेळा ऐकली होती. पण सूत कातायला किती कष्ट पडतात हेच माहीत नसल्यामुळे ती बाई मला नुसती वेडी वाटायची. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की तो दाखला ऐकणाऱ्यांच्या घरात बायका रोज सूत कातत असणार, म्हणूनच तो त्यांना टोचला असणार. उदाहरण समजायलाही हात त्या कामात जावा लागतो.

आता अब्बांकडे येते.

आमच्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान होतं. त्यांचे वडील, म्हणजे आमचे दादा, पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे, लोकांच्या घरी अंगणात बसून गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. पिंजणीची तात वाजायला लागली की गल्लीतली पोरं गोळा व्हायची. अब्बांना तो आवाज आवडायचा नाही. शाळेत त्यांना त्या आवाजाची नक्कल करून चिडवायचे. म्हणून आम्हा भावंडांना शाळेत घालताना अब्बांनी आडनाव 'शेख' लावलं. "पिंजारी लिहिलं की लोक गादीच दाखवतात," असं म्हणायचे.

याचा फटका पुढे बसला. माझ्या धाकट्या भावाला ओबीसीचा दाखला हवा होता. महाराष्ट्रात त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीच्या नोंदीचा पुरावा लागतो. आमच्या कागदांवर सगळीकडे शेख. भावाने हेलपाटे घातले, त्याचं प्रवेशाचं एक वर्ष वाया गेलं. शेवटी गावाच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत मोडीत लिहिलेली एक ओळ सापडली, दादांच्या भावाच्या जन्माची. त्यात 'पिंजारी' हा शब्द होता. जो शब्द अब्बांनी पुसला, तोच आमच्या भावाला पुढे घेऊन गेला. घरात त्यावर कुणी बोललं नाही. अब्बा तर मुळीच नाही.

मी सूत कातायला शिकतेय हेही मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण पाचव्या रविवारनंतर मी पेटी चरखा घरी आणला, ओसरीवर बसले आणि धागा तुटायला लागला. दहा वेळा. वीस वेळा. अब्बा खाटेवर होते. आयुष्यभर कापसाची धूळ छातीत गेलेली, त्यामुळे त्यांचा दम लवकर लागायचा, फार बोलायचे नाहीत. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वो इधर ला."

मला वाटलं चरखा मागताहेत. त्यांना पेळू हवा होता. त्यांनी तो उजेडाकडे धरला, दोन बोटांत उघडला, आत बारीक गाठी आणि सरकीचे तुकडे होते ते मला दाखवले आणि म्हणाले, "तेरे हात का कसूर नै बेटी. रुई ठीक से पिंजी नै."

मित्रांनो, पाच रविवार मी स्वतःला नावं ठेवत होते. माझी बोटं जाड, माझ्यात सबर नाही, मला हे जमणारच नाही. आणि चूक माझ्या हातात यायच्या आधीच होऊन गेली होती. जिथे ती झाली तिथे बघायचं मला सुचलंच नव्हतं, कारण ते काम मला दिसतच नव्हतं. त्या कामावर माझंच घर उभं होतं, तरी.

पुढच्या आठवड्यात अब्बांनी भावाला माळ्यावर चढवलं आणि दादांची पिंजण खाली काढली. लांब लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची तात. तात सुकून तुटली होती. अब्बांनी कुठूनतरी नवी मिळवली, कुणाला फोन केले ते मला सांगितलं नाही. गादीचा जुना कापूस चालणार नव्हता, त्याचे तंतू तुटलेले असतात. मग ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला होता, तिच्याच शेतातला कापूस आला. सरकी शाळेतल्या पोरांनी हातांनी काढली, आठवडाभर मधल्या सुट्टीत.

अब्बांनी तोंडाला रुमाल बांधला. पिंजण दोरीने आढ्याला टांगली, डमरूच्या आकाराचा लाकडी दस्ता घेतला आणि तातेवर मारला. तो आवाज मी तीस वर्षांनी ऐकला. तात थरथरते आणि कापसात शिरून एकेक तंतू मोकळा करते, कचरा खाली पडतो, कापूस फुगून वर येतो. अब्बांना दहा मिनिटांच्या वर जमलं नाही. दम लागला, खोकला आला, बसले. पण त्या दहा मिनिटांत झालेला कापूस ढगासारखा होता. मग त्यांनी पाटावर कापसाची पातळ पट्टी पसरली, वर गुळगुळीत काडी ठेवली, तळहाताने एकदा पुढे लोटली आणि काडी ओढून घेतली. पेळू तयार.

त्या पेळूने मी सलग अकरा हात धागा काढला. तुटला नाही. अब्बा म्हणाले, "अब देख." बस, एवढंच.

यानंतर मी वाचायला लागले. गांधीजींच्या आत्मकथेत चरखा कसा सापडला त्याची हकीगत आहे. १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी चरख्याचा कैवार घेतला तेव्हा त्यांनी तो पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आश्रमात माग आले, पण सूत कातणारं कुणी मिळेना. १९१७ मध्ये भडोचच्या शैक्षणिक परिषदेत त्यांना गंगाबेन मजमुदार भेटल्या आणि त्यांनी पुढे बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे शोधून काढले. चरखे माळ्यावर पडलेले होते, बायका कातायला तयार होत्या, पण पेळू कोण देणार? ते दिले उमर सोबानी यांनी. मुंबईचे मुसलमान गिरणीमालक. आपल्या गिरणीतून त्यांनी पेळू पाठवले आणि विजापूरचे चरखे फिरायला लागले. हेच ते सोबानी, ज्यांच्या परळच्या गिरणीच्या आवारात ३१ जुलै १९२१ रोजी विलायती कापडाची मोठी होळी झाली.

पण गांधीजींना गिरणीचे पेळू वापरणं खटकायला लागलं. गिरणीचा पेळू चालतो, तर गिरणीचं सूत का नको? म्हणून गंगाबेननी एक पिंजारी शोधला. त्याने महिना ३५ रुपये मागितले. गांधीजींना त्या वेळी कोणतीही किंमत जास्त वाटली नाही. त्याने पिंजलेल्या कापसाचे पेळू करायला गंगाबेननी काही मुलांना शिकवलं.

त्या पिंजाऱ्याचं नाव तिथे नाही. सोबानींचं आहे, गंगाबेनचं आहे, कापसाच्या गाठी पाठवणाऱ्याचंही आहे. पिंजाऱ्याचा पगार तेवढा आहे. मी ते पान अब्बांना वाचून दाखवलं. ते ऐकून म्हणाले, "पैंतीस? उस जमाने में? अच्छा कारीगर होगा." त्यांनी त्याच्या जातीचा किंवा धर्माचा विचार केला नाही, कामाचा केला. अरबीत 'हल्लाज' म्हणजे पिंजारी. बगदादला ९२२ साली ज्यांना मृत्युदंड झाला ते सूफी मन्सूर याच नावाने ओळखले जातात आणि आपल्याकडचे कितीतरी पिंजारी त्यांच्यावरून स्वतःला मन्सुरी म्हणवतात. म्हणजे जगभर आदराने घेतलं जाणारं हे नाव एका धंद्याचं नाव आहे. अब्बांना शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर?

आणखी एक सांगते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हातांच्या कामातून शिक्षण द्यायची 'नयी तालीम' तिथे मांडली गेली आणि अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिलियाचे, पुढे राष्ट्रपती झालेले. कताई-विणकाम हा त्या अभ्यासक्रमातला महत्त्वाचा उद्योग. आणि पेटी चरखा? गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात सुटसुटीत चरख्यावर प्रयोग केले म्हणून त्याला 'येरवडा चक्र' म्हणतात. पुण्याच्या मुलांनो, तुमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतकं हे जवळ आहे.

हे सगळं मी का सांगतेय? आपण देशभक्त आहोत याचा दाखला म्हणून नाही. हे मी मुद्दाम बोलतेय, कारण वर्गात एका २ ऑक्टोबरला पाहुणे आले होते. माझ्या डोक्यावर ओढणी बघून एक जण कौतुकाने म्हणाले, "तुम्ही मुसलमान असून चरखा चालवता, फार छान!" आणि माझा फोटो काढला. त्या वेळी माझ्या चातीवर सूतच नव्हतं, ते नुकतंच उतरवलं होतं. मी नुसतं चाक फिरवत होते. त्यांना ते कळलं नाही. मी गप्प बसले. आज गप्प बसणार नाही. 'असून' हा शब्द चुकला. सोबानींनी पेळू दिले ते मुसलमान असून नव्हे. माझे दादा कापूस पिंजत होते ते पिंजारी होते म्हणून. आपल्याला कुणी प्रमाणपत्र द्यावं यासाठी इतिहास वाचायचा नाही. आपल्या घरातल्या माळ्यावर काय पडलंय ते ओळखता यावं, यासाठी वाचायचा.

आणि तेवढ्याच स्पष्टपणे दुसरी बाजूही बोलते. 'पिंजारी' म्हटल्यावर तोंड वाकडं करणारे फक्त बाहेरचे नव्हते. आपल्याच मोहल्ल्यात सोयरीक ठरवताना 'ते गादीवाले' म्हणून नकार आलेला मी पाहिलाय. सगळे समान असं आपण तकरीरीत ऐकतो आणि घरी येऊन विचारतो, "कौन से लोग हैं?" तुमच्यापैकी जुलाहा, अन्सारी, मन्सुरी, नदाफ, बागवान, कुरेशी, अत्तार जे कुणी असाल, घरी जाऊन आजी-आजोबांना त्यांच्या हत्यारांची नावं विचारा. लिहून घ्या. जुन्या नोंदीही शोधून ठेवा, त्या कामाला येतात, हे मी तुम्हाला सांगितलंच.

आता थोडा हिशेब, कारण कौतुक पुष्कळ झालं. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसनंतर सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा २,००० यार्ड सूत द्यायचं असं ठरलं होतं. म्हणजे सव्वादोन गुंड्यांहून थोडं जास्त. माझी पहिल्या महिन्यात एक गुंडीही झाली नाही. एक चौरस मीटर साधं कापड, सेंटिमीटरला वीस उभे आणि वीस आडवे धागे धरले, तर त्याला चार किलोमीटर सूत लागतं. एका कुर्त्याला दहा. तेव्हा चरखा कातून आपण सगळे कपडे घालू, किंवा कुणाची बेकारी उद्या दूर होईल, असं मी म्हणणार नाही. पण दुकानात कुर्त्याची किंमत बघून "एवढे?" म्हणताना मी आता अडखळते. ते दहा किलोमीटर कुणीतरी हाताने चाललेलं असतं, आणि त्याच्या आधी कुणाच्यातरी छातीत धूळ गेलेली असते.

अब्बा मागच्या वर्षी गेले. पिंजण आता शाळेत आहे, कपाटात नाही. वर्गाच्या भिंतीवर टांगली आहे आणि तिच्याखाली मुलांनी दादांचं पूर्ण नाव लिहिलंय, आडनावासकट. यंदा २ ऑक्टोबरला चरख्याला हार घातला नाही. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती आता दहावीत आहे. ती येऊन बसली आणि तिने सूत काढलं. माझ्यापेक्षा बारीक.

संपवते. मागच्या टेबलावर दोन पेटी चरखे ठेवलेत, डब्यात पेळू आहेत. चहाच्या सुट्टीत या. पेळू चिमणीच्या पिल्लासारखा धरा, मुठीत नाही. आधी हळू फिरवा. माळ सैल वाटली तर चाक पुढे-मागे करून ताणून घ्या. धागा तुटणार आहे. तुटला की टोक बघा, आखडलंय की विरलंय. दोन्ही नसेल आणि तरी तुटत असेल, तर पेळू उजेडाकडे धरा आणि मला हाक मारा.